लांकूड कातण्याचा लेथ : घोडी व उंची

शेतकऱ्याच्या घरांत कातीव लांकडाची गरज बारमाही असते. खुरप्यांच्या व विळ्यांच्या मुठी, ताक घुसळण्याच्या रव्या, लाटणीं, खुंट्या, पाळण्याचे पाय हें सर्व घरच्या बाभळीच्या किंवा शिसवीच्या तुकड्यांतून होण्यासारखें आहे. मोटारीवर चालणारा लहान लेथ घेतल्यास उन्हाळ्यांतील रिकामा वेळ सत्कारणीं लागतो. परंतु यंत्राच्या निवडीवर जितका विचार होतो त्याच्या दशांशही तें कशावर व किती उंचीवर बसवावें यावर होत नाहीं. मग चांगलें यंत्रही हादरून वाईट काम देतें व काम करणाराची कंबर धरते. म्हणून या विषयाची माहिती येथें क्रमवार देत आहें.

उंची कशी ठरवावी : आपल्याकडील जुन्या पद्धतीचा कातारी जमिनीवर बसून काम करी. मदतनीस दोरीनें लांकूड मागेंपुढें फिरवी व कातारी पटाशीला पायाच्या बोटांचा आधार देई. त्याच्या कामाची उंची त्याच्या बैठकीनेंच ठरलेली असे. उभ्यानें चालवावयाच्या लेथचें तसें नाहीं. तेथें उंची आपण ठरवावी लागते, आणि ती यंत्र विकणाराच्या मापानें नव्हे, तर कसणाराच्या कोपरानें ठरवावी.

कामाच्या वेळीं जीं पादत्राणें घालावयाचीं तीं घालून सरळ उभें राहावें. दंड अंगालगत सैल सोडून हात कोपरांत काटकोनांत वांकवावा व जमिनीपासून कोपरापर्यंतचें अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावें. ज्या दोन सेंटरांच्या दरम्यान लांकूड फिरतें त्यांच्या टोकांची रेषा, म्हणजे लेथची मध्यरेषा, या उंचीवर यावी. समजा, कोपर ४२ इंचांवर आहे व लेथच्या तळापासून मध्यरेषा ९ इंच आहे. तर घोडीचा माथा ३३ इंच उंच असावा.

या उंचीवर पटाशीचा दांडा मनगटापुढील हाताला व कमरेला टेकतो आणि जोर पायांतून येतो. लेथ फार खालीं असल्यास मान व पाठ वांकते. फार वर असल्यास खांदे उचलले जाऊन दंड भरून येतात. खोलगट वाडगें आंतून कोरणारे कित्येक कारागीर मध्यरेषा इंच-दोन इंच वर ठेवतात, व लांब दांडे कातणारे कित्येक किंचित् खालीं ठेवतात. म्हणून कोपराचें माप हा आरंभ समजावा, अखेरचा निकाल नव्हे.

निकाल लावण्याची सोपी युक्ति अशी : घोडीचे पाय प्रथम दोन इंच लांब ठेवावे. नंतर स्वतःच्या पायांखालीं रुंद, न डगमगणारी फळी घालून आठवडाभर काम करून पाहावें. अर्ध्या-अर्ध्या इंचानें फळीची जाडी बदलीत जावें. जी जाडी अंगास मानवेल तितकेच घोडीचे पाय कापावे. आंखूड झालेला पाय पुन्हां लांब होत नाहीं. बापलेक दोघेही काम करणार असतील तर उंची अधिक उंच माणसाच्या मापाची ठेवावी व दुसऱ्यानें पायांखालीं रुंद पाट घ्यावा.

घोडी कशी असावी : घोडीचें मुख्य काम यंत्र उचलून धरणें नव्हे, तर त्याला हलूं न देणें हें होय. ओबडधोबड ओंडका फिरूं लागला म्हणजे त्याची जड बाजू प्रत्येक फेऱ्यास घोडीला ओढते. आणि फेरे दुप्पट केले तर ही ओढ चौपट होते. म्हणून असा ओंडका प्रथम नेहमीं मंद गतीनें फिरवून गोल करावा, व घोडी जड करावी.

पाय चांगल्या वाळलेल्या बाभळीचे, चार इंच चौरस असावेत. ओलें लांकूड पुढें आक्रसून सांधे ढिले पडतात. पाय खालीं मागेंपुढें तीन-चार इंच फांकलेले असावेत, तिरप्या पट्ट्यांनीं जखडावे व सांध्यांत खिळ्यांऐवजीं आरपार बोल्ट घालावे. पुढची खालची पट्टी पायाच्या बोटांस अडणार नाहीं इतकी आंत घ्यावी. तळाशीं फळ्यांची खण करून तींत वाळूचीं पोतीं ठेवावीं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व अर्धा फूट उंच इतक्या जागेंत सुमारें १०० किलो वाळू मावते. वाळू उन्हांत खडखडीत वाळवून घ्यावी. ओलसर वाळूनें लोखंड गंजतें.

सारवलेल्या जमिनींत पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखालीं दगडी फरशी पक्की बसवावी. माथा पाणसळीनें तपासावा. विटांचे दोन खांब बांधून त्यांवर जाड तुळई टाकली तर अति उत्तम. परंतु ती उंची मागाहून बदलत नाहीं, तेव्हां आधीं लांकडी घोडीवर माप निश्चित करून मगच गंवडी बोलवावा.

लेथ आवळतांना घाई करूं नये. माथा किंचितही पिळलेला असेल तर बोल्ट आवळतांच लेथचा पाटही पिळतो. म्हणून बोल्ट ढिले असतां दोन्ही सेंटरांचीं टोकें समोरासमोर आणावीं व आवळल्यावर पुन्हां पाहावीं. टोकें सरकलीं तर ज्या पायाखालीं फट राहते तेथें पत्र्याची पातळ चकती घालावी. बोल्टाच्या जोरानें फट दाबूं नये.

मोटारीची कळ फिरत्या लांकडावरून हात न नेतां बंद करतां येईल अशा जागीं असावी. धोतराचा सोगा, उपरणें व सैल बाही लेथजवळ नेऊं नये आणि डोळ्यांवर जाड चष्मा असावा.

कोपराचें माप, घोडीची उंची व फळीची जाडी वहींत लिहून ठेवावी, म्हणजे पुढें दुसरें यंत्र घेतांना ती नोंद उपयोगी पडेल. बोल्ट वर्षांतून दोनदां, पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या अखेरीस, आवळून घ्यावे. कारण लांकूड ऋतुमानाप्रमाणें फुगतें व आक्रसतें. इतकी व्यवस्था ठेवल्यास लहान लेथही घरची गरज भागवील व दिवसभर काम करूनही पाठ दुखणार नाहीं.