शिंक : रोखू नये, झाकावी

घराबाहेर पाऊल टाकताना कोणी शिंकले तर क्षणभर थांबण्याची रूढी खेडोपाडी अजूनही आढळते. शिंकेचा संबंध शुभाशुभाशी जोडल्यामुळे तिच्या खऱ्या कार्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. शिंक हा शकुन नव्हे आणि अपशकुनही नव्हे. श्वासमार्गाच्या रक्षणासाठी शरीराने केलेली ती एक व्यवस्था आहे.

नाकाच्या आतील अस्तर ओलसर व अतिशय संवेदनक्षम असते. मळणीचा भुसा, मिरचीची पूड, धूर अथवा सर्दीचे विषाणू यांमुळे त्याचा क्षोभ झाला की, ती वार्ता मेंदूपासून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे पोहोचते. तेथून अनेक स्नायूंना आज्ञा सुटतात. प्रथम दीर्घ श्वास आत घेतला जातो. नंतर स्वरयंत्रातील फट मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू आकुंचन पावतात आणि कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो. फट अकस्मात उघडताच ती हवा नाकातोंडावाटे वेगाने बाहेर पडते व उपद्रवी कणांना सोबत नेते. ही प्रतिक्षिप्त क्रिया असल्याने ती माणसाच्या इच्छेची वाट पाहत नाही.

याच वेळी पापण्याही आपोआप मिटतात. त्या उघड्या राहिल्यास डोळे बाहेर पडतील, ही भीती निराधार होय. शिंकताना हृदय बंद पडते, हाही गैरसमजच. छातीतील दाब बदलल्याने ठोक्यांच्या लयीत क्षणिक फरक पडू शकतो, इतकेच. काही व्यक्तींना अंधारातून एकदम उन्हात येताच शिंका येतात. ही प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते. तो रोग नव्हे.

चारचौघांत संकोच वाटून अनेकजण नाक चिमटीत धरून व तोंड घट्ट मिटून शिंक दाबतात. हे मात्र धोक्याचे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे १३ वेग रोखू नयेत असे सांगितले आहे, त्यांत ‘क्षवथु’ म्हणजे शिंकेचा समावेश आहे. ती रोखल्याने मान आखडते व डोके दुखते, असे तेथे म्हटले आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथील डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात अशा रीतीने शिंक दाबणाऱ्या ३४ वर्षांच्या एका पुरुषाच्या घशाला आतून छिद्र पडल्याची नोंद आहे. तो बरा झाला. परंतु काही दिवस त्याला नळीवाटे अन्न द्यावे लागले. असे प्रसंग विरळा असले, तरी कोंडलेल्या हवेचे सामर्थ्य त्यांवरून ध्यानात यावे.

शिंक रोखू नये याचा अर्थ ती मोकळी सोडावी असा नव्हे. शिंकेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून सर्दी, इन्फ्लुएन्झा, गोवर, कोविड यांसारखे रोग पसरतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे तुषार हवेच्या लोटाबरोबर सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतात. शाळेच्या वर्गाची लांबीदेखील सहसा याहून फार अधिक नसते.

म्हणून शिंक येताच नाकातोंडावर रुमाल किंवा पदर धरावा. तो हाताशी नसल्यास कोपराच्या आतील बाजूत शिंकावे. तळहातावर शिंकल्यास हात साबणाने धुवावेत. शिक्षकांनी वर्गात, ग्रामसेवकांनी ग्रामसभेत आणि घरोघरी वडीलधाऱ्यांनी ही सवय मुलांना लावावी. शिंक ऐकून पाऊल थांबविण्यापेक्षा तिच्यातून पसरणारा रोग थांबविणे अधिक हिताचे आहे.