ढगांची नावे आणि हवामानाचे आकडे

एकाच ढगाला एका गावी 'गडगडाटी ढग' म्हणतात, तर दुसऱ्या गावी नुसते 'काळे आभाळ'. बोलण्यापुरते हे चालते. परंतु अनेक केंद्रांवरील निरीक्षणे एका नकाशावर मांडावयाची झाली, की हा सैलपणा नडतो.

लंडनमधील औषधनिर्माते ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली ढगांना लॅटिन नावे सुचविली. केसांच्या बटेसारखा तो सिरस, राशीसारखा तो क्युम्युलस, थरासारखा तो स्ट्रेटस. आपले तंतुमेघ, राशिमेघ व स्तरमेघ ते हेच. त्याच वर्षी लामार्क यांनीही वर्गीकरण मांडले होते; परंतु त्यांची नावे फ्रेंच होती व ती रुजली नाहीत. १८९६ साली आंतरराष्ट्रीय मेघचित्रसंग्रह निघाला. आज ढगांचे दहा मुख्य प्रकार मानले जातात.

नाव ठरले तरी संदेशात जातो तो आकडा, आणि खरी मेख येथेच आहे. जागतिक हवामान संघटनेच्या दहा प्रकारांच्या तक्त्यात ३ म्हणजे मध्यम उंचीवरील आल्टोक्युम्युलस. खालच्या ढगांच्या तक्त्यात मात्र ३ म्हणजे क्युम्युलोनिम्बस, म्हणजे विजांचा व गारांचा ढग, ज्याचा माथा अद्याप ऐरणीसारखा पसरलेला नाही. माथा पसरला की याच तक्त्यात तो ९ होतो. आभाळ किती झाकले हे आठ भागांत मोजतात. तेथे ९ म्हणजे धुके वगैरेंमुळे आभाळच दिसत नाही!

म्हणून सिनॉप संदेशात आकड्याच्या जागेला महत्त्व असते. '८४३०१' हा गट पाहा. पहिला ८ ही ढगांच्या गटाची खूण; ४ म्हणजे खालच्या ढगांनी अर्धे आभाळ व्यापले; ३ म्हणजे क्युम्युलोनिम्बस; ० म्हणजे मध्यम ढग नाहीत; १ म्हणजे उंचावर विरळ तंतुमेघ. जागा चुकली की वादळी ढगाचा साधा ढग होतो, आणि चूक वाचणाऱ्यास दिसतही नाही.

संगणकासाठी केलेल्या 'बफर' संकेतात यावर सोपा तोडगा आहे. तेथे खालच्या ढगांच्या आकड्यात ३० मिळवितात. त्यामुळे आल्टोक्युम्युलस ३ राहतो आणि तो विजांचा ढग ३३ होतो.

शाळेत वा ग्रामपंचायतीत हवामानाची नोंदवही ठेवली जात असेल, तर तिच्या प्रत्येक रकान्यावर तक्त्याचे नाव लिहावे, आणि ढग ओळखता आला नाही तर अंदाजाने आकडा न घालता ढगाचे वर्णन लिहावे. वर्णनावरून आकडा पुढे ठरविता येतो. चुकीच्या आकड्यावरून ढग मात्र परत मिळत नाही.