शीर्षकासाठी देखणं अक्षर निवडताना

कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ करताय आणि शीर्षकाला जाड-बारीक रेषांचं डौलदार अक्षर हवंय? रोझा वन, एक्झार आणि तिरो देवनागरी मराठी हे तीन फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून मोफत उतरवून घ्या आणि बसा.

१. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. हे राहिलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते.

२. शीर्षक युनिकोडमध्ये टाइप करा. 'दुसऱ्या'सारख्या शब्दात ऱ वापरा. साध्या र नं रफार येईल.

३. शीर्षकाच्या तीन प्रती एकाखाली एक ठेवून प्रत्येकीला वेगळा फॉन्ट द्या.

४. तिन्हींची उंची डोळ्यांनी जुळवा. पॉइंटचा आकडा सारखा ठेवून भागत नाही, आणि जे मोठं दिसतं तेच उगाच आवडून जातं.

५. आता 'ल' शोधा. मराठी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे उभा दंड नसतो. दोन गोलांच्या मधून छोटी रेघ शिरोरेषेला भिडते. 'श'चंही वळण वेगळं असतं, तोही ताडून बघा. तिरोमध्ये ही मराठी वळणं मुळातच आहेत. शीर्षकात ल किंवा श असेल तर माझा कौल तिरोलाच, कारण मराठी कवितेच्या दारावर मराठी अक्षरच शोभतं.

६. मुखपृष्ठ खऱ्या मापात छापा. डेमी आकार असेल तर ५.५ × ८.५ इंच, प्रिंट १०० टक्के. 'फिट टू पेज' चालू राहिलं तर सगळी तपासणी वाया.

७. कागद भिंतीला लावून चार पावलं मागे या.

८. शीर्षक गडद रंगावर पांढरं करून पुन्हा छापा. इथे रोझावर नजर ठेवा: मोठ्या आकारात ते राजेशाही दिसतं, पण चार रंगांच्या छपाईत रंग जरासा सरकला की बारीक रेषा बुजतात.

९. कवीचं नाव लहान आकारात लावून बघा. रोझाला एकच वजन आहे, एक्झारला पाच. त्यामुळे मोठं-लहान दोन्ही एकाच कुटुंबात हवं असेल तर एक्झार घ्या.

१०. एक फॉन्ट ठरवा. दोन नटवी अक्षरं एका मुखपृष्ठावर नकोत.

११. ट्रॅकिंग शून्यावर ठेवा. वाढवलंत की शिरोरेषा तुटते.

१२. फाइलची वेगळी प्रत करा. आउटलाइन केलेल्या अक्षरात शुद्धलेखन सुधारता येत नाही.

१३. त्या प्रतीतली अक्षरं आउटलाइन करा.

१४. तिची पीडीएफ छापखान्यात पाठवा.