पालेभाज्यांतील खनिज द्रव्ये

मेथीची मूठभर पाने उन्हात कडकडीत वाळवून लोखंडी पळीत जाळली, तर शेवटी चिमूटभर राख उरते. पाण्याचा अंश उन्हाने नेला, जळण्याजोगे ते जळून गेले. उरले ते बहुतांशी मुळांनी जमिनीतून शोषून घेतलेले क्षार होत. 100 ग्रॅम ताज्या पाल्यामागे ही राख दोन-तीन ग्रॅमच्या आसपास भरते. परंतु हाडांस लागणारे कॅल्शियम व रक्तास लागणारे लोह तिच्यातच असते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतःच्या हाताने करून दाखवावा. केवळ वर्णनाने तो मुलांच्या मनावर ठसत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार 100 ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात सुमारे 314 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मेथीत सुमारे 274 आणि पालकात अवघे 82. बाजारात मात्र मान पालकाचा, आणि परसातील शेवग्याचा पाला शेळीपुढे पडतो!

त्यातही पालकातील कॅल्शियमपैकी शंभरात पाच भागच काय ते शरीरास मिळतात. याचे कारण ऑक्झॅलिक आम्ल होय. ते कॅल्शियमला असे धरून ठेवते, की ते रक्तात न जाता मळावाटे बाहेर पडते. कच्चट अळू खाल्ल्यावर घसा खवखवतो, तो याच दोहोंच्या संयुगाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हा अनुभव मुलांना निराळा सांगावा लागत नाही. तेव्हा पानात किती आहे याबरोबर अंगी किती लागते, हेही पाहिले पाहिजे. मेथीत हे आम्ल पालकाच्या मानाने फारच थोडे असते.

लोहाची गोष्ट थोडी निराळी आहे. भाजीतील लोह शरीर मुळातच थोडे घेते. जेवताना भाजीवर लिंबू पिळले, तर त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यास अडथळा करतो. चहाबरोबर भाकरी खाऊन शाळेत येणारी मुले थोडी नाहीत. लोहाच्या उणिवेने मूल फिकट दिसते, लवकर दमते, धड्यात त्याचे चित्त ठरत नाही. आणि वर्गात त्यास आळशी म्हणून बोल लावला जातो.

भाजी आधी चिरून मग धुण्याची चाल पुष्कळ घरी आढळते. तीमुळे विरघळणारे क्षार व जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. म्हणून आधी धुऊन मग चिरावी. कोवळे देठही टाकू नयेत. माठाच्या देठांची भाजी कोकणात आवडीने खाल्ली जाते.