शेवट नसलेलें पुस्तक

विद्यार्थिमित्रहो, पुस्तकाचें प्रकरण संपलें कीं मन क्षणभर थांबतें आणि 'आतां पुरे, कीं पुढें वाचावें?' असें आपणांस विचारतें. हातांतील मोबाईल हा प्रश्न पडूंच देत नाहीं. पूर्वीं संगणकावरील पानाच्या तळाशीं पोहोंचल्यावर पुढील पानासाठीं कळ दाबावी लागे. २००६ सालीं आझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञानें न संपणाऱ्या पानाची युक्ति काढली. बोट सरकवावें, तों नवा मजकूर पुढें हजर! या युक्तीचा परिणाम पाहून आपणांस अपराधी वाटतें, असें त्यानेंच २०१८ सालीं बोलून दाखविलें.

तेव्हां मुलांचे दहाचे अकरा वाजतात ते केवळ आळसामुळें नव्हे. थांबण्याची जागाच तेथून काढून टाकलेली आहे. ती आपणच निर्माण केली पाहिजे.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें ती निर्माण करून दाखविली. २०२० च्या महासाथींत शाळा बंद पडल्या व अभ्यासाकरितां म्हणून मोबाईल मुलांच्या हातीं आला. शाळा उघडल्या तरी तो सुटेना. तेव्हां गांवानें ठराव करून ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजविण्यास आरंभ केला. भोंगा होतांच घरोघर मोबाईल व टीव्ही बंद करावे आणि साडेआठपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा, असा नेम ठरला. आरंभीं कित्येकांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेली. परंतु अंगणवाडी सेविका, आशा सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजूत घालीत राहिले.

पालकहो, या नेमाचें मर्म आमच्या मतें भोंग्यांत नाहीं. तो नेम एकट्या मुलांपुरता नव्हता, यांत आहे. वडिलांच्या हातीं मोबाईल चमकत असतां मुलास 'पुस्तक घे' म्हणून सांगितलें, तर तें सांगणें मुलाच्या कानांत शिरतें, मनांत शिरत नाहीं.

इंटरनेट हें वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आडगांवच्या मुलासहि त्यानें मोठमोठ्या ग्रंथालयांचीं दारें उघडून दिलीं आहेत. मात्र दारांतून आंत जावें कसें, तसेंच बाहेर यावें केव्हां, हेंहि शिकावें लागतें.

आपल्या गांवीं भोंगा नसेल. घरांत घड्याळ तर आहे! आज सायंकाळीं सात वाजतां थोरामोठ्यांसह सर्वांचे मोबाईल एका फळीवर ठेवून पाहूं या.