अणुयुद्धाची भीती : तेव्हा आणि आता



या पानावर आपण रक्तक्षय, मधुमेह, बाळंतिणीचा आहार असे विषय घेतो. अणुबॉम्बचा विषय इथे कशाला, असे कोणी विचारेल. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, नागरी संरक्षणाचा सराव म्हणून ७ मे रोजी ठिकठिकाणी भोंगे वाजले. त्या आठवड्यात वस्तीतल्या बैठकांत बायका जे सांगत होत्या, ते ऐकून मला दवाखान्यातली ओपीडी आठवली. झोप लागत नाही. छातीत धडधडते. मुलगा रात्री दोनदा उठून दाराची कडी बघतो. एका घरात सासूबाईंनी बीपीची गोळी सोडून दिली होती, म्हणाल्या, "बॉम्बच पडणार असेल तर गोळी कशाला?"

म्हणून हा विषय आरोग्याचाच आहे. खऱ्या धोक्याची भीती वाटणे हा आजार नाही. पण त्या भीतीला वाट मिळाली नाही, तर ती आजार करते. आपल्या आधीच्या पिढ्यांनी तिला कोणती वाट करून दिली, हे या पाठात समजून घेऊ.

१. भीतीचे मूळ

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब टाकला गेला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मेली. परिचारिका म्हणून मला हिरोशिमाचा एक आकडा कधी विसरता येत नाही. त्या शहरात १,७८० परिचारिका होत्या. त्यांपैकी १,६५४ जणी मेल्या किंवा काम करू शकणार नाहीत इतक्या जखमी झाल्या. १५० डॉक्टरांपैकी ६५ मेले आणि उरलेल्यांतले बहुतेक जखमी होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पूर आला, साथ आली, तर शेजारच्या वॉर्डातून मदत येते. इथे वॉर्डच राहत नाही. अणुबॉम्ब पडल्यानंतरचा इलाज कोणत्याही देशाच्या डॉक्टरांकडे नाही. तो पडू न देणे हाच इलाज आहे.

२. तेव्हाची भीती : बाकाखाली लपलेली मुले

१९४९ मध्ये सोव्हिएत रशियानेही अणुचाचणी केली आणि अमेरिकेत घबराट पसरली. शाळेतल्या मुलांना कवायत शिकवली गेली : इशारा झाला की बाकाखाली शिरायचे आणि डोके झाकायचे. त्यासाठी एका कासवाचे कार्टून असलेली फिल्म वर्गावर्गात दाखवत. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांना नाव-पत्त्याचे धातूचे बिल्ले दिले गेले. मूल हरवले किंवा ओळखू येईनासे झाले तर उपयोगी पडावेत म्हणून. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून तेरा दिवस जगाने श्वास रोखून धरला.

मोठ्यांना वाटे, कवायत केली की मुले निर्धास्त होतील. त्याच दशकात सिबिल एस्कलोना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना साधा प्रश्न विचारला : तुम्ही मोठे व्हाल तेव्हा जग कसे असेल? प्रश्नात बॉम्बचे नाव नव्हते. तरी बहुसंख्य मुलांनी उत्तरात स्वतःहून युद्धाचा आणि बॉम्बचा विषय काढला. मुले बोलत नव्हती, पण त्यांना सगळे समजत होते.

मोठ्यांचे वेगळेच झाले. रॉबर्ट जे लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञांनी १९६२ मध्ये हिरोशिमातल्या वाचलेल्या लोकांशी दीर्घ बोलणी केली आणि मनाच्या बधिरतेविषयी लिहिले. दुःख सोसण्यापलीकडे गेले की मन जाणीवच बंद करते. पुढे त्यांनी दाखवले की बॉम्ब न पाहिलेले लोकही या धोक्यापुढे असेच बधिर होतात. दात काढताना दिलेली भूल तासाभरासाठी बरी. ती कायम राहिली तर माणूस गाल चावेल आणि त्याला कळणारही नाही. "बॉम्बच पडणार तर गोळी कशाला" हे त्या बधिरतेचेच बोल आहेत.

३. दुधाच्या दातांची गोष्ट

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले आणि त्यांपैकी एक सप्टेंबरमध्ये मरण पावला. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणी मासळीच्या काळजीने एकत्र आल्या आणि त्यांनी सह्यांची मोहीम सुरू केली. पुढच्या वर्षापर्यंत ती जपानभर पसरून ३ कोटींहून अधिक सह्या झाल्या. आपल्या देशाच्या वतीने पंतप्रधान नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी चाचण्या थांबवण्याची मागणी केली.

त्या राखेत स्ट्रॉन्शियम-९० नावाचा पदार्थ असतो. तो पावसाबरोबर गवतावर पडतो. गवत गाय खाते आणि दुधातून तो मुलांच्या पोटात जातो. शरीराला तो कॅल्शियमसारखाच वाटतो, म्हणून हाडांत आणि दातांत जाऊन बसतो. मुलाला दूध पाज असे आईला आपणच सांगतो, आणि त्याच दुधाची तिला भीती वाटू लागली.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि साध्या नागरिकांनी डिसेंबर १९५८ मध्ये एक काम हाती घेतले. दुधाचे दात आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत घडतात. म्हणजे पडलेला दात त्या काळच्या दुधाची नोंदवहीच. डॉ. लुईस रीस या बाईंनी सुरुवातीची वर्षे हे काम चालवले. शाळा, दवाखाने, महिला मंडळे यांच्यामार्फत दात गोळा झाले. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे : 'मी माझा दात विज्ञानाला दिला.' १९७० पर्यंत सुमारे ३ लाख दात जमले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांपेक्षा नंतर जन्मलेल्यांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढत गेल्याचे त्यांतून सिद्ध झाले.

१ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेच्या सुमारे ६० शहरांत हजारो स्त्रिया घरकाम आणि नोकरी सोडून रस्त्यावर आल्या. ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार केला. नंतर मुलांच्या दातांतले स्ट्रॉन्शियम उतरत गेले. बॉम्ब संपले नाहीत, जमिनीखालच्या चाचण्या चालूच राहिल्या. पण दूध सुधारले. त्याच बिल्ल्यांच्या देशात, गळ्यातल्या बिल्ल्याने मुलांची भीती वाढवली होती. दाताच्या बिल्ल्याने त्यांना काम दिले.

पुढे १९८० मध्ये अमेरिकेचे डॉ. बर्नार्ड लाउन आणि रशियाचे डॉ. येवगेनी चाझोव या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी अणुयुद्ध रोखण्यासाठी जगभरच्या डॉक्टरांची संघटना उभी केली. तिला १९८५ चा शांततेचा नोबेल मिळाला. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रे होती, आज सुमारे १२ हजार आहेत. १२ हजारही भयंकरच. पण आकडा खाली येऊ शकतो, हे त्यातून शिकायचे.

४. आताची भीती : उशाखालचा मोबाईल

आपल्या भागात हा धोका १९९८ मध्ये उघड झाला. त्या मे महिन्यात आधी भारताने आणि मग पाकिस्तानने चाचण्या केल्या. भारताच्या त्या चाचण्यांची सुरुवात ११ मे रोजी, नेमकी बुद्धपौर्णिमेला झाली. आपण विहारात वंदनेला जमलो होतो त्याच दिवशी.

तेव्हाची कवायत वर्गात सगळ्यांबरोबर होई आणि घंटा झाली की संपे. आताची भीती रात्री एक वाजता एकट्याच्या हातात येते आणि ती संपत नाही. मे २०२५ मध्ये जुने किंवा दुसऱ्या देशाचे व्हिडिओ 'आत्ताचा हल्ला' म्हणून फिरत होते. प्रत्येक व्हिडिओला शरीर खराच धोका समजते. नाडी वाढते, हात गार पडतात, पोट बिघडते, झोप उडते.

५. घरात काय करावे

• औषध बंद करू नका. बीपी, साखर, फिट, थायरॉइडच्या गोळ्या चालूच ठेवा.
• छातीत दुखले तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी काढा.
• बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी पाहा. झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. खोली एकच असेल तर बंद करून फळीवर ठेवा. खात्री नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका.
• मुलांना आधी विचारा, "तुझ्या कानावर काय आलंय?" मगच बोला. खोटा दिलासा देऊ नका. "हे थांबवायला पुष्कळ माणसं झटतायत, आणि आज आपण सगळे सोबत आहोत," एवढे खरे बोलणे पुरते.
• आयोडीनच्या गोळ्यांच्या अफवांना बळी पडू नका. त्या फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात आणि सरकारी आरोग्य यंत्रणेने सांगितल्यावरच घ्यायच्या असतात. जास्त मीठ खाऊन ते काम होत नाही. जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध तर चुकूनही पिऊ नका.
• दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कामात लक्ष नाही किंवा जगणे नकोसे वाटते, असे असेल तर आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात जा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.
• एक काम चौघींनी मिळून करा. ६ ऑगस्टला शाळेत किंवा विहारात हिरोशिमाची माहिती सांगा. खासदारांना पत्र लिहा : युद्धाची भाषा नको, बोलणी करा. काम छोटे असले तरी चालेल, ते एकटीने करू नका.

मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या घरात या भीतीविषयी कोण बोलते आणि कोण गप्प राहते?
२. सेंट लुईसच्या आयांनी दात गोळा केले. आपल्या वस्तीत कोणत्या काळजीची अशी नोंद आपण ठेवू शकतो?
३. पुढच्या वेळी भोंगा वाजला, तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे कोण जाईल? नावे आजच लिहून ठेवा.