कासव हा शब्द आला कोठून?

देवळात गेले की सभामंडपाच्या फरशीत दगडी कासव दिसते. आपण वाकून त्याला हात लावतो, तोच हात कपाळाला लावतो आणि पुढे दर्शनाला जातो. पण बाबांनो, ह्याला कासव का म्हणायचे, हा विचार कधी केला आहे काय?

पुष्कळांना वाटते की कूर्म हा पोथीतला शुद्ध शब्द आणि कासव हा आपला गावंढळ. तसे नाही. संस्कृतात ‘कश्यप’ म्हणजेच कासव, आणि त्या कश्यपाचेच आपल्या बोलीत कासव झाले. ‘श्य’चा स झाला आणि ‘सप्त’चे सात होताना पहिले अक्षर लांबते, तसा क चा का झाला. ‘दीप’चा दिवा होताना प चा व होतो, तसाच येथेही झाला. म्हणजे कासव म्हणणारा अडाणी माणूससुद्धा नकळत कश्यप ऋषींचे नाव घेतो!

शतपथ ब्राह्मणाच्या ७ व्या कांडात ह्याची कथा आहे. प्रजापतीने कूर्माचे रूप घेऊन प्रजा निर्माण केली. त्याने ‘केले’, म्हणून तो कूर्म. आणि कूर्म म्हणजेच कश्यप. म्हणून सगळी प्रजा काश्यपी, असे तेथे सांगितले आहे. कूर्माची ही फोड व्याकरणाची नव्हे, अर्थ मनात ठसविण्याची रीत आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्याकडची रूढी पाहा. पूजेच्या संकल्पात गोत्र विचारतात. ज्याला ते ठाऊक नसते, त्याला गुरुजी सांगतात, “काश्यप म्हणा.” बिचारा खाली मान घालून म्हणतो. अहो, मान कशाला खाली घालायची? सगळी प्रजाच काश्यपी, तर गोत्र नसलेला उरला कोण?

गीतेच्या २ ऱ्या अध्यायात, ५८ व्या श्लोकात, कासव अंग आवरते तशी इंद्रिये विषयांपासून आवरावी असे भगवंत सांगतात. आम्ही म्हणतो, त्यांच्याबरोबर कुळाचा ताठाही आत ओढावा. वारीत शेजारी चालणाऱ्याचे कूळ विचारण्याचा मोह झाला, तर देवळातले ते कासव आठवावे. आपण त्याला हात लावतो, तेव्हा आपल्या सर्वांच्या गोत्रालाच हात लावतो.

रामकृष्णहरि.